बाडावरचा आकडा: सॅक पॅनिक, पडलेला सर्व्हर आणि राहून गेलेला रीबूट

प्रश्न थोडक्यात असा: निपाणी भागातल्या एका पतसंस्थेचा लिनक्स सर्व्हर एक जण सांभाळतात. सेंटओएस ७ (रेड हॅटच्या लिनक्सवरून बनलेली मोफत आवृत्ती) आहे. संकेश्वर, चिकोडी आणि खानापूरच्या शाखा इंटरनेटवरून ४४३ पोर्टवर जोडल्या जातात. महिन्याभरात सर्व्हर दोनदा ‘गोठला’, बटण दाबून चालू करावा लागला. दोन्ही वेळा दुपारी, वीज गेली-आली त्या सुमारास. पुरवठादार म्हणतो, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ‘सॅक पॅनिक’ नावाचा दोष आहे, बाहेरून कुणीतरी पॅकेट पाठवून पाडतोय, नवा फायरवॉल घ्या. एक मित्र म्हणतो, सॅक ही नेटवर्कची सोयच बंद करा, काम झालं. यम (सॉफ्टवेअर बसवणारं साधन) सांगतं कर्नल ताजा आहे, पण युनेम (चालू कर्नलचा नंबर दाखवणारा आदेश) मात्र ३.१०.०-९५७.१०.१ दाखवतं. खरं काय समजायचं?

तुम्ही शेवटी सहज लिहिलेली ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. यम एक सांगतं आणि युनेम दुसरं, तेव्हा युनेमचं खरं धरायचं. डिस्कवर काय आणून ठेवलंय ते यमला माहीत असतं. आत्ता मेमरीत काय चालू आहे ते युनेमला. रेड हॅटच्या ७ मालिकेत या दोषाची दुरुस्ती ९५७.२१.३ या कर्नलमध्ये आली, तीही जून २०१९ मध्ये. तुमचा ९५७.१०.१ त्याच्या आधीचा. म्हणजे दोष तुमच्या सर्व्हरवर आजही आहे, आणि पोर्ट सगळ्या जगाला उघडं आहे. सर्व्हर त्याच दोषामुळे पडला का, हा वेगळा प्रश्न. त्याबाबत माझं मत पुरवठादारापेक्षा निराळं आहे, ते पुढे सांगतो.

मी बेळगावात वीसएक वर्षं हेच काम करतोय. उद्यमबागेतले दोन-तीन कारखाने, काही पतसंस्था, एक शाळा. ‘हॅक झालंय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधी दोष समजून घेतो आणि मगच बोलतो. तुम्हालाही तेच सुचवेन. हा दोष एकदा नीट समजला की कुठली दुरुस्ती कामाची आणि कुठली खर्चाची, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

निपाणीचे आहात म्हणून वखारीचंच उदाहरण घेतो. वखारीतून मुंबईच्या व्यापाऱ्याला पोती निघाली आहेत आणि प्रत्येक पोत्यावर नंबर आहे. जुन्या रीतीत व्यापारी एवढंच कळवायचा, ‘१० पर्यंत मिळाली.’ ११ वं पोतं वाटेत राहिलं आणि १२ ते १४ पोचली, तरी तो ‘१० पर्यंत’ एवढंच म्हणत राहणार. तुम्ही ११ पुन्हा पाठवलं, ते पोचल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे कळणार की १५ पण मिळालेलं नाही. एका गहाळ पोत्यामागे एक पूर्ण फेरी. टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवर माल क्रमानं पोचवणाऱ्या नियमांचं, बरीच वर्षं असंच चालायचं. ऑक्टोबर १९९६ च्या आरएफसी २०१८ या क्रमांकाच्या इंटरनेट दस्तऐवजाने त्यावर सोय केली. आता व्यापारी कळवू शकतो, ‘१० पर्यंत मिळाली, शिवाय १२ ते १४ आणि १६ ते २० पण मिळाली.’ यालाच सिलेक्टिव्ह ॲक्नॉलेजमेंट, म्हणजे निवडक पोच म्हणतात. सॅक ते हेच.

आता पाठवणाऱ्याच्या मुनिमाकडे या, कारण दोष त्याच्या वहीत आहे. पोच येईपर्यंत त्याला पाठवलेल्या मालाची चिठ्ठी जपून ठेवावी लागते. गहाळ झाला तर पुन्हा पाठवायचाय ना. कर्नलमध्ये या चिठ्ठीला सॉकेट बफर म्हणतात, बोलताना एसकेबी. एका एसकेबीत जास्तीत जास्त १७ तुकडे मावतात आणि आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर एक तुकडा ३२ किलोबाइटपर्यंत असू शकतो. निवडक पोच आली की शेजारशेजारच्या, पोचलेल्या मालाच्या चिठ्ठ्या कर्नल एकत्र करतो. यादी आखूड होते, मेमरी वाचते. मुनिमानं चिठ्ठ्यांचं बाड बांधावं आणि वर लिहावं, ‘यात इतकी पोती’, तसंच. बाड बांधण्याचा हा कोड मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून आहे. चांगलाच कोड आहे, कामाचा आहे. फक्त बाडावरचा आकडा लिहायला १६ बिटांची जागा ठेवलेली होती. तिथे ६५,५३५ पर्यंतच आकडा मावतो.

नेहमीच्या व्यवहारात ही जागा भरपूर आहे. इथरनेटवर एका पॅकेटात साधारण १४६० बाइट माल जातो. १७ गुणिले ३२ किलोबाइट म्हणजे ५,५७,०५६ बाइट. त्याची १४६० ची पोती केली तर चारशेसुद्धा भरत नाहीत. म्हणून दहा वर्षं कुणाला काही जाणवलं नाही.

पण पोत्याचा आकार किती असावा, हे घेणारा सांगतो. जोडणीच्या पहिल्याच पॅकेटात तो कळवतो, ‘माझ्याकडे एवढ्या आकाराचंच पाठवा.’ हा आकडा म्हणजे एमएसएस. लिनक्स त्यात ४८ पर्यंत खाली उतरायला तयार असायचा. त्या ४८ पैकी ४० बाइट टीसीपीच्या पर्यायांनीच खाल्ले तर मालासाठी उरतात ८. आता तोच भागाकार परत करा: ५,५७,०५६ भागिले ८ म्हणजे ६९,६३२. बाडावर मावतात ६५,५३५. जुन्या वीजमीटरचा आकडा ९९९९ च्या पुढे गेला की परत शून्यापासून सुरू होतो, तसा हा आकडाही गुंडाळला जातो आणि ६९,६३२ च्या जागी ४,०९६ उरतो.

हल्ला करणाऱ्याला एवढंच करायचं असतं. साधी जोडणी करायची, ‘माझं दार लहान आहे’ म्हणून सांगायचं, सर्व्हरकडून एखादी मोठी फाइल मागायची आणि मग अशा क्रमानं निवडक पोच पाठवायच्या की कर्नल बाड बांधत सुटेल. कर्नलमध्ये एक तपासणी आहे: या चिठ्ठीतून त्या बाडात जितकी पोती हलवायची, तितकी मुळात या चिठ्ठीत नोंदलेली आहेत ना? आकडा गुंडाळला गेला की हे जुळत नाही. न जुळलेल्या हिशेबावर पुढे काम केलं तर कुणाचा डेटा कुठे लिहिला जाईल याचा भरवसा नाही, म्हणून कर्नल तिथल्या तिथे थांबतो. आणि हे सगळं नेटवर्कच्या इंटरप्टच्या (पॅकेट आलं की हातातलं सोडून करायच्या) कामात घडत असल्यामुळे एखादी प्रक्रिया मारून भागत नाही, अख्खं यंत्र थांबतं. यातलं ‘पॅनिक’ ते हे.

दोष शोधला नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी. १७ जून २०१९ ला तो जाहीर झाला. दोषांच्या जागतिक यादीतली नोंद सीव्हीई-२०१९-११४७७, तीव्रता १० पैकी ७.५. त्याच्याबरोबर आणखी दोन आले, ११४७८ आणि ११४७९. त्यांनी यंत्र पडत नाही, पण प्रोसेसर आणि मेमरी दमवता येते. दुरुस्ती गूगलचे एरिक ड्युमाझे यांनी लिहिली, आणि ती अगदी साधी आहे: दोन बाडं जोडण्याआधी बेरीज करून बघ, ६५,५३५ च्या वर जात असेल तर जोडू नको. बस. वर्षानुवर्षं जगभरच्या सर्व्हरांत राहिलेला दोष काही ओळींत मिटला. मूळ कर्नलच्या ४.४.१८२, ४.९.१८२, ४.१४.१२७, ४.१९.५२ आणि ५.१.११ या आवृत्त्यांत तो बरा झालेला आहे. सेंटओएस किंवा उबुंटू मात्र जुनाच मोठा नंबर ठेवून आत दुरुस्ती आणून बसवतात, म्हणून ‘३.१०’ बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. मागचे आकडे बघायचे.

एक गोष्ट संचालक मंडळाला आवर्जून सांगा. या दोषातून कुणी सर्व्हरच्या आत शिरत नाही. ठेवीदारांची नावं, शिल्लक, पासवर्ड यातलं काही बाहेर जात नाही. यंत्र बंद पडतं, एवढंच. ‘एवढंच’ म्हटलं तरी पिग्मी एजंटांची संध्याकाळची भरणा चालू असताना बंद पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण चोरी आणि बंद पडणं यांत फरक आहे, आणि ‘हॅक’ हा शब्द दोन्हींना वापरला की मंडळाची भलत्या खर्चाला मंजुरी मिळते.

थोडं विषयांतर. ६५,५३५ हा आकडा या क्षेत्रात पुन्हा पुन्हा आडवा येतो. १९९६ मध्ये ‘पिंग ऑफ डेथ’ म्हणून गाजलेला दोष याच आकड्याचा. आयपी पॅकेटची कमाल लांबी ६५,५३५, पण तुकडे करून पाठवलं की जोडताना त्याहून मोठं पॅकेट तयार व्हायचं आणि समोरचं यंत्र कोसळायचं. म्हणजे निवडक पोचेची सोय आली त्याच वर्षी तिच्या दोषाचा थोरला भाऊ जन्माला आला होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सेगमेंटस्मॅक आणि फ्रॅगमेंटस्मॅक आले, तेही उलटसुलट आलेले तुकडे जुळवण्याच्या कामातले. पॅकेट सरळ ओळीत आलं तर कर्नलला काही त्रास नसतो. गहाळ, उशिरा, मागेपुढे आलेल्या मालाचा हिशेब ठेवताना तो चुकतो. म्हणून नेटवर्कचा कुठलाही नवा दोष जाहीर झाला की मी आधी हेच विचारतो: इथे काय मोजलं जातंय, आणि मोजायला जागा किती आहे?

आता तुमचा सर्व्हर. खरंच हा हल्ला होता का?

मला तसं वाटत नाही. दोन्ही वेळा वीज गेली-आली, दोन्ही वेळा दुपार. शिवाय तुम्ही ‘गोठला’ लिहिलंय, पण पुढे ‘बटण दाबून चालू केला’ असंही लिहिलंय. आपल्याकडे गोठला आणि बंद पडला या दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात. मला अजूनही फोन येतो तो ‘सर, सर्व्हर पडलाय की हो’ असाच. मी पहिल्यांदा विचारतो, पंख्याचा आवाज येतोय का? पंखा बंद, दिवे बंद असतील तर प्रश्न विजेचा आहे: यूपीएसची बॅटरी गेलेली, पॉवर सप्लाय दमलेला, किंवा वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची बायोसमधली सेटिंग बंद. पंखा चालू, पडद्यावर अक्षरं थिजलेली, आणि जुना गोल पिनचा कीबोर्ड असेल तर त्याचे दिवे लुकलुकतायत, तर तो पॅनिक. यूएसबी कीबोर्डवर मात्र दिव्यांची खूण धरू नका.

पॅनिक झाला असेल तर पडद्याचा फोटो काढायचा, बटणाला हात लावायच्या आधी. शेवटच्या ओळींत ‘टीसीपी शिफ्टेड एसकेबी’ किंवा ‘टीसीपी सॅकटॅग वॉक’ अशी फंक्शनची नावं दिसली तर पुरवठादार बरोबर, मी चूक. केडंप चालू असेल तर फोटोचीही गरज नाही, व्हार फोल्डरच्या आत क्रॅश नावाचं फोल्डर आहे, तिथे पडलेल्या क्षणाची मेमरी जपून ठेवलेली मिळेल. ‘लास्ट’ या आदेशाला एक्स जोडून चालवलंत तर सर्व्हर नीट बंद झाला की अचानक, हेही दिसेल. पण अचानक वीज गेली आणि अचानक पॅनिक झाला, या दोन्हींत लॉगमध्ये शेवटी काहीच नसतं; दोन्ही वेळा लिहायला सवडच मिळत नाही. लॉग कोरा आहे म्हणजे हल्लेखोराने पुसला, असा निष्कर्ष एका ठिकाणी माझ्यासमोर काढला गेलाय. यूपीएसची बॅटरी बदलल्यावर तो ‘हल्लेखोर’ परत आला नाही.

‘निपाणीची छोटी पतसंस्था कोण कशाला पाडेल’ असंही कुणीतरी मंडळात म्हणेल. त्याला उत्तर असं: नाव बघून कुणी येत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन बनवलं. एका गिगाबिट जोडणीवरून जगातल्या सगळ्या आयपीव्ही४ (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का, हे ते पाऊण तासाच्या आत बघून येतं. तुमचं ४४३ त्यात दररोज कितीदा तरी मोजलं जात असणार. म्हणून हल्ला झालेला नसला तरी दुरुस्ती टाळू नका.

फायरवॉलचं काय? आता दोष समजलाय, तर स्वतःच विचार करा. तुमचा फायरवॉल ४४३ ला आत सोडतो, कारण शाखांना यायचंय. हल्लेखोराची जोडणी पण ४४३ वरच येते आणि नियमाप्रमाणेच येते. लहान एमएसएस मागणं हा गुन्हा नाही. साधा फायरवॉल ती तशीच आत पाठवेल. जो फायरवॉल जोडणी स्वतःकडे संपवून आत दुसरी जोडणी करतो, किंवा एमएसएस तपासतो, तो वाचवेल. पण तेवढ्यासाठी नवीन पेटी नको, सर्व्हरवरच्या आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमधला एक नियम तेच करतो. आणि बऱ्याच फायरवॉलच्या आतही लिनक्सच असतो. त्यातून नुसत्या जाणाऱ्या पॅकेटांनी त्याला धोका नाही, पण त्याचं व्यवस्थापनाचं पान बाहेर उघडं असेल तर तोही याच रांगेत उभा.

मित्राचा सल्ला: सॅक बंद करा. सिसीटीएलमधल्या (कर्नलच्या सेटिंगांच्या यादीतल्या) ‘टीसीपी सॅक’ या सेटिंगला शून्य द्यायचं, नवीन जोडण्यांना लगेच लागू. सेटिंगच्या नावात आयपीव्ही४ असलं तरी आयपीव्ही६ लाही तीच लागू होते. दोष नक्की बंद होतो. पण किंमत कुणाला मोजावी लागते? खानापूरच्या शाखेला. तिकडच्या जोडणीवर, विशेषतः पावसाळ्यात, पॅकेट गहाळ होणं रोजचं आहे. रेडिओ लिंक असेल तर पावसाच्या थेंबांपेक्षा वाटेतली भिजलेली झाडी जास्त त्रास देते, आणि जांबोटीकडे तर झाडीच झाडी. समजा एका खेपेत दहा पॅकेटं गहाळ झाली आणि जाऊन-येऊन ६० मिलिसेकंद लागतात. सॅक असेल तर पाठवणाऱ्याला सगळी दहा एकदम कळतात. सॅक नसेल तर एका फेरीत एक, म्हणजे दहा फेऱ्या, ६०० मिलिसेकंद, आणि तेवढा वेळ वेगही कमी ठेवलेला. पानागणिक असं झालं की शाखेतली मंडळी म्हणणार ‘सिस्टीम स्लो आहे’ आणि तुम्ही कारण दुसरीकडे शोधणार. आपल्या भागात सॅक ही चैनीची वस्तू नाही. मी बंद करणार नाही.

रीबूटपर्यंत तात्पुरतं काही हवंच असेल तर एमएसएसचा नियम लावा: पहिल्याच पॅकेटात १ ते ५०० मधला एमएसएस मागणारी जोडणी सोडून द्यायची. खऱ्या ग्राहकाचा एमएसएस इतका खाली जात नाही. पीपीपीओईवर (ब्रॉडबँडच्या एका प्रकारच्या जोडणीवर) १४५२ असतो, व्हीपीएनमधून (खासगी सुरक्षित जोडणीतून) आला तरी हजाराच्या वरच. नियम लावताना दोन गोष्टी लोक विसरतात. आयपीव्ही६ साठी हाच नियम वेगळा लिहावा लागतो, आणि आता मोबाइलवरून येणारी बरीच मंडळी आयपीव्ही६ नेच येतात. दुसरं, ‘एमटीयू प्रोबिंग’ ही (पॅकेटचा आकार चाचपून ठरवणारी) सेटिंग शून्यच असली पाहिजे, नाहीतर जोडणी झाल्यावर एमएसएस मागच्या दाराने खाली आणता येतो.

आता खरं काम. यमनं नवा कर्नल आणून ठेवलाय, सर्व्हर दोनदा बंद होऊन चालू झाला, तरी ९५७.१०.१ च कसा? रीबूट राहिला म्हणावं तर तो नकळत दोनदा झालाय. म्हणजे चालू होताना यादीतला जुना कर्नलच निवडला जातोय. ग्रबची, म्हणजे चालू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामची, नोंद तपासा: ‘ग्रब२ एडिटएन्व्ह’ला लिस्ट सांगितलंत की कुठला कर्नल जतन केलेला आहे ते दिसेल. माझा तर्क असा की कधीतरी कुणीतरी, बहुधा हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डाँगलसाठी (परवान्याच्या यूएसबी किल्लीसाठी) नाहीतर एखाद्या ड्रायव्हरसाठी, जुना कर्नल पक्का करून ठेवला. त्या वेळी ते बरोबरही असेल. नंतर ते कारण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सिसकॉन्फिगमधल्या ‘कर्नल’ फाइलीत ‘अपडेटडिफॉल्ट’समोर ‘नो’ असेल तर नवीन कर्नल येत राहतील आणि नुसते पडून राहतील. बूट विभाजन भरलेलं नाही ना, तेही त्याच वेळी बघा; जागा नसली की नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस ही सुरू होताना लागणारी फाइल अर्धवट बनते आणि तो उठत नाही.

यादीतला पहिला, म्हणजे सगळ्यात नवा, कर्नल निवडा, रविवारी सकाळी, शनिवारची दिवसअखेर आणि बॅकअप झाल्यावर रीबूट करा, आणि यंत्राजवळ बसून करा. नवा उठला नाही तर यादीतून जुना निवडता येतो. यम पाच कर्नल जपून ठेवतं. डाँगल चालतं का बघा. मग युनेम परत चालवा. ती ओळ बदललेली दिसेपर्यंत दुरुस्ती झाली असं कुणालाही सांगू नका.

यावर मी इतका जोर देतोय, कारण हीच चूक माझ्याकडून झालीय. जून २०१९ मध्ये दोष जाहीर झाला त्याच आठवड्यात मी एका कारखान्याच्या उबुंटू १६.०४ सर्व्हरवर ४.४.०-१५१ हा दुरुस्त कर्नल बसवला. मालकांना सांगितलं, झालं. महिनाअखेर होती, सर्व्हर बंद करू नका म्हणाले, रीबूट पुढे ढकलला, आणि पुढे मीच विसरलो. ऑगस्टमध्ये पूर आला. मार्कंडेय, घटप्रभा, वेदगंगा सगळ्या भरून वाहत होत्या, निपाणीजवळ महामार्ग बंद होता, वीज कधी येईल कुणाला माहीत नव्हतं. यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला. चार दिवसांनी चालू केला आणि सवयीनं युनेम बघितलं: १५१, म्हणजे दुरुस्त कर्नल आत्ता पहिल्यांदा चालू झाला होता. तेव्हा लक्षात आलं की जूनपासून पुरापर्यंत ते यंत्र जुन्या कर्नलवर, बाहेर उघडं, तसंच चालत होतं. मालक ‘झालं’ या माझ्या शब्दावर निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना खरं ते सांगितलं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक सर्व्हरसमोर दोन रकाने आहेत: बसवलेला कर्नल आणि चालू असलेला कर्नल. दोन्ही सारखे नसले तर ते काम माझ्या लेखी अपुरं.

तरी सेंटओएस ७ वर फार दिवस राहू नका. ३० जून २०२४ ला त्याच्या दुरुस्त्या थांबल्या. सॅक पॅनिक मिटेल, पण त्यानंतर सापडलेला कुठलाही दोष तिथे मिटणार नाही. अल्मालिनक्स किंवा रॉकी ९ वर नवीन यंत्रात मांडणी करा, महिनाभर दोन्ही समांतर चालवा, मग बदला. जुन्यावरच चढवण्याची साधनं आहेत, पण पतसंस्थेच्या चालू सर्व्हरवर ती वापरायला माझं मन होत नाही.

आणि फायरवॉलसाठी बाजूला काढलेले पैसे असतील तर त्यातून आधी यूपीएसच्या बॅटऱ्या बदला. उरलेला वेळ व्हीपीएनला द्या. तीनच शाखा आहेत; त्यांना वायरगार्ड या व्हीपीएनमधून आत घ्या आणि ४४३ बाहेरून बंदच करा. वायरगार्ड टीसीपीऐवजी यूडीपीवर चालतं आणि अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही, त्यामुळे झेडमॅपसारख्या फेरीत तुमचा पत्ता गप्प दिसेल. हा एक बदल टीसीपीमधल्या उद्याच्या दोषालाही बाहेर ठेवेल. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं पोर्ट मोबाइलवर बघायला म्हणून उघडून ठेवलेलं असेल, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतंच, तेही त्याच व्हीपीएनमध्ये न्या. त्याच्या आतल्या लिनक्सची दुरुस्ती कधी येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

‘कर्नल पॅनिक’ या सिसीटीएल सेटिंगला १० द्या. ती मुळात शून्य असते, म्हणजे पॅनिक झालं की बटण दाबायला माणूस येईपर्यंत यंत्र तसंच थांबून राहतं. १० दिलं तर दहा सेकंदांनी स्वतःहून उठेल, आणि रात्री तुम्हाला निपाणीच्या चौकातून गाडी काढावी लागणार नाही. केडंप त्याआधी चालू करा, म्हणजे उठण्यापूर्वी पुरावा लिहिला जाईल.

रविवारी रीबूट झाला की युनेमची ओळ, ‘लास्ट’ची यादी आणि यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती ती तारीख, एवढं मला कळवा. ग्रबमध्ये जुना कर्नल पक्का केलेला सापडला तर तो कुणी आणि कशासाठी केला होता, हे जुन्या माणसांना विचारून तेही लिहा. नव्या यंत्रावर जाताना ते कारण आधी सोडवावं लागेल.